पिस्ता रंगाची फोर्ड

मंगळवारी संध्याकाळी व्हर्ना हॉगेन नेस्विकांच्या दारात उभी राहिली, ती टॉवेलात गुंडाळलेलं गरम भांडं दोन्ही हातांनी धरून. आत खिमा, वर डब्यातलं मशरूमचं सूप आणि त्यावर बटाट्याचे छोटे वडे रांगेने लावलेले, म्हणजे आमच्याकडची हॉटडिश. आमच्या गावात हॉटडिश घेऊन माणूस दारात येतो तो तीनच वेळा. घरात मूल जन्मलं, कुणी गेलं, किंवा घर बुडालं.

"अगं, हे कशाला?" मार्लिस नेस्विक म्हणाली. तिच्या घरात मूल जन्मायची वेळ टळून पंधरा-वीस वर्षं झाली होती. नवरा मागच्या शेडमध्ये हातोडा आपटत होता, म्हणजे तोही जिवंत होता.

"काही नाही गं, जरा जास्तीचं झालं."

"नको, खरंच नको."

"ठेव गं, थोडंसंच आहे."

"उगाच तुला त्रास."

"त्रास कसला मेला!"

एवढं झाल्यावर भांडं घ्यावंच लागतं, तसं मार्लिसने घेतलं. जाताना व्हर्नाने तिचा दंड दाबला आणि हळूच म्हणाली, "आम्ही सगळे आहोत हं."

बुधवारी दोन भांडी आली, गुरुवारी तीन. शुक्रवारी मार्लिसने फ्रिजचं दार उघडलं आणि पुन्हा लावलं. मग ती तरातरा शेडमध्ये गेली.

"एल्डन, तू काय करून ठेवलंयस?"

"मी? मी ब्रेक जोडतोय," गाडीखालून आवाज आला.

त्याने काय करून ठेवलं होतं ते सांगतो. एल्डन नेस्विक, वय चौपन्न, धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर कामाला. हा गृहस्थ चार हिवाळे घरच्या घरी हॉट रॉड बांधत होता. जुनी फोर्ड घ्यायची, तिचे मडगार्ड आणि बॉनेट उतरवायचे, छप्पर कापून ठेंगणं करायचं आणि आत तिच्या वयाला न शोभणारं इंजिन बसवायचं. एल्डनला तर ती जुन्या रीतीने हवी होती, म्हणजे गाडीतली प्रत्येक वस्तू पोरं गोठ्यात गाड्या बांधत त्या काळातली. मार्लिसने सुरुवातीलाच बजावलं होतं, "घरखर्चाला हात लावलास तर बघ. तुझं स्वतःचं काय असेल ते विक आणि कर काय करायचं ते."

एल्डनने स्वतःचं होतं ते विकलं. आधी बर्फावर चालवायची स्कूटर, मग गोठलेल्या तळ्यावर मासे धरत बसायची लाकडी खोली आणि शेवटी बोट. घोटाळा इथे झाला. आमच्या मिनेसोटात माणूस जमीन विकतो, प्रसंगी घरही विकतो, पण बोट विकणारा एक तर मेलेला असतो, नाहीतर बुडालेला. बोट गेली ती सगळ्या गावाने पाहिली. तिच्या पैशांत आलेलं व्ही-एट इंजिन ताडपत्रीखालून आलं, ते कुणी पाहिलं नाही.

मग पेट्रोलची टाकी. पूर्वीची पोरं गाडीच्या मागे बिअरचं लहान पिंप बांधायची. एल्डनने गावातल्या बारचं दार दुरुस्त करून दिलं आणि बदल्यात एक पिंप घेतलं. ते हातगाडीवर घालून रविवारी दुपारी तो मुख्य रस्त्याने घरी आला. नेमकी तेव्हाच चर्चमधली भजनाची तालीम सुटली होती.

"निदान ताडपत्री तरी घालायचीस!" मार्लिस कपाळावर हात मारून म्हणाली.

"रिकामं होतं गं ते!"

"अरे, तेच तर! रिकामं पिंप बघून लोक काय समजणार?"

पण खरी कमाल त्याने एप्रिलमध्ये केली. शनिवारी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं आणि रविवारी चर्चच्या दारात पास्टर ऑस्टल यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय एल्डन, कसं काय?"

याचं उत्तर ठरलेलं आहे. दुप्पट पीक आलेला शेतकरीसुद्धा आमच्याकडे "चाललंय, वाईट नाही" एवढंच म्हणतो.

"उत्तम!" एल्डन म्हणाला. "एकदम झकास! याहून चांगलं काय असायचं, पास्टर!" आणि त्याने पास्टरच्या पाठीत थाप मारली.

पास्टर एक पाऊल मागे सरकले आणि त्यांनी नकळत हवेचा वास घेतला. दुपारी त्यांनी बायकोला सांगितलं. बायकोने व्हर्नाला सांगितलं. व्हर्ना चर्चच्या स्वयंपाकघराची प्रमुख, त्यामुळे आणखी कुणाला सांगायची गरजच उरली नाही.

सहा भांडी झाल्यावर मार्लिस व्हर्नाच्या घरी गेली आणि तिने सरळ विषय काढला. "हे बघ व्हर्ना, आमचं काहीही बिघडलेलं नाही."

"नाहीच मुळी," व्हर्ना म्हणाली आणि तिने डोळ्यांना रुमाल लावला. "माझ्या बहिणीचं शेत गेलं ना, तेव्हा तीही अगदी हेच म्हणायची."

"अगं, तो गाडी बनवतोय, गाडी!"

"दिसते ना मला, शेडच्या दारातून. बॉनेट नाही, मडगार्ड नाहीत, बसायला सफरचंदांची खोकी! दुसरी घेता येत नाही म्हणून किती राबतोय बिचारा. तू काही बोलू नकोस हं त्याला."

मार्लिस घरी आली ती सातवं भांडं घेऊन.

आता एल्डनचं काय पणाला लागलं होतं ते ऐका. जूनच्या पहिल्या शनिवारी तळ्याकाठच्या मैदानात अशा गाड्यांचा मेळा भरतो. दारात अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हार्लन स्ट्रँड टॉर्च आणि पत्र्याचा खरेपणा तपासायला लोहचुंबक घेऊन उभा असतो. गाडीत पंचावन्न सालानंतरचा एक स्क्रू दिसला, तरी गाडी पलीकडच्या शेतात. एल्डन दर वर्षी पायी जायचा. गेल्या वर्षी त्याने हार्लनशी बोलायचा प्रयत्न केला, तर म्हातारा म्हणाला होता, "तोंडाने कशाला सांगतोस? घेऊन ये, मग बघू." चार हिवाळे एल्डन त्या एका दारासाठी राबला होता.

आणि त्याची सगळी भिस्त होती गंजावर. गाडी एकतीस सालची. मूळचा काळा रंग झिजून खालून तांबूस गंज वर आला होता, आणि एल्डन त्याला जुन्या बनियनने जवसाचं तेल चोळायचा. "नवा रंग काय, पैसेवाला कुणीही मारेल," तो म्हणायचा. "हा गंज यायला ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं लागतात. हा बाजारात मिळत नाही." अख्ख्या गाडीत फुकट मिळालेली तेवढीच एक गोष्ट होती.

मेळ्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी मार्लिसच्या भाचीचं लग्न होतं फार्गोला. दोघं शुक्रवारी निघाले आणि रविवारी चारच्या सुमाराला परतले. अंगणात बारा माणसं कागदी पेल्यांतून कॉफी पीत उभी होती. त्यांच्या मधोमध गाडी होती, आणि ती पिस्ता रंगाची होती.

चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराला गेल्या वर्षी जो रंग दिला, त्याचे तीन डबे उरले होते. ते सत्कारणी लागले होते.

"ब्रशनेच दिलाय सगळा," पास्टर लाजत म्हणाले. "आधी खरवडून काढलं हो. पण तो गंज! दोन दिवस बारा जण घासत होतो. कशाने तरी तेलकट झाला होता. शेवटी सोडा लावला, तेव्हा कुठे सुटला."

"शेवटचा कणसुद्धा ठेवला नाही," व्हर्ना म्हणाली. "आणि खोक्यांवर बसायला गोधडी शिवलीये. बघ तरी."

एल्डन बघतच होता. त्याचं तोंड उघडं होतं आणि आतून काही येत नव्हतं.

"बोल ना काहीतरी," मार्लिस पुटपुटली.

"वेगळं," एल्डन म्हणाला. "फारच वेगळं झालंय."

आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माणूस भारावला की असंच काहीबाही बोलतो, अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली. कुणीतरी त्याच्याही हातात कॉफी दिली. त्याने ती प्यायली.

मंडळी गेल्यावर तो स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत बसला.

"खरवडून काढतो उद्या."

"आणि खाली काय आहे?" मार्लिसने विचारलं.

एल्डनने बुटांच्या नाड्या सोडल्या. "मी जात नाही शनिवारी. तो म्हातारा हसून हसून मरेल. चार वर्षं गेली गं माझी."

"तुझी? चार हिवाळे मी ग्रीसच्या वासात जेवलेय. ताटाशेजारी कार्बोरेटर ठेवायचास तू. शनिवारी आपण जायचं. हसला तर हसला."

शनिवारी सकाळी ते मैदानाच्या दाराशी रांगेत लागले. पुढे मिनियापोलिसच्या एका दंतवैद्याची गाडी होती, नखशिखांत गंजलेली. एल्डनने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला भडभडून आलं. हार्लनने त्या गंजावरून अंगठा फिरवला आणि नाकाशी नेला.

"किती महिन्यांचा?"

"कॅलिफोर्नियातल्या एका तज्ज्ञाकडून करून घेतलाय," दंतवैद्य अभिमानाने म्हणाला. "फार महागात पडला."

"पलीकडच्या शेतात लावा."

"मागे घे गाडी," एल्डन मार्लिसला म्हणाला, जणू गाडी तीच चालवत होती. मागे वीस गाड्या होत्या. तोवर हार्लन समोर आला होता.

म्हातारा गाडीभोवती एक फेरी फिरला. पिंप पाहिलं, इंजिन पाहिलं, खोक्यांवरची गोधडी उचलून पाहिली. मग दाराशी वाकला. तिथे रंगाचा एक ओघळ खाली येऊन वाळला होता आणि त्यात ब्रशचा एक केस अडकला होता.

"ब्रशने?"

"हो."

"कसला रंग?"

"स्वयंपाकघराचा. उरलेला."

हार्लनने सरळ होऊन टोपी काढली आणि डोकं खाजवलं. "चोपन्न साली माझ्या गाडीला मी कोंबड्यांच्या खुराड्याचा लाल दिला होता. उरला होता म्हणून. गंजकी गाडी दारात लावली असती ना, तर आईने मलाच भंगारात घातलं असतं. आणि ही हल्लीची पोरं गंज मिरवतात! अरे, गरीब होतो आम्ही, घाणेरडे नव्हतो."

चार वर्षं तेल चोळलेला हात एल्डनने मांडीखाली घातला.

"तूच दिलास ना हा?" हार्लनने विचारलं. त्याच्या डोळ्यांत आता चक्क आदर होता.

'हो' म्हणायला काहीच लागलं नसतं. मार्लिस समोर बघत बसली होती. मागच्या गाड्यांचे भोंगे वाजायला लागले.

"नाही," एल्डन म्हणाला. "चर्चच्या लोकांनी. माझ्या माघारी. माझं दिवाळं वाजलंय असं वाटलं त्यांना."

"आणि तू काय केलंस?"

"कॉफी प्यायलो."

हार्लन आधी खोकला, असं वाटलं. पण तो हसत होता, गाडीच्या छपराचा आधार घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "जा," तो कसाबसा म्हणाला, "आत जा. झाडाखाली लाव, सावलीत. ऊन लागू देऊ नकोस त्या रंगाला."

संध्याकाळी सगळ्यात अस्सल गाडीचा चषक पिस्ता रंगाच्या फोर्डला मिळाला. तो कुणाच्या नावाने द्यायचा हे हार्लनने परस्पर ठरवलं होतं. चषकावर आमच्या टोर्व्हिक गावच्या चर्चच्या स्वयंपाकघराचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी एल्डनने तो चर्चमध्ये नेला आणि सगळ्यांसमोर उभं राहून खरं काय ते सांगितलं. बोट का विकली, पिंप कशाला, बॉनेट का नाही.

"म्हणजे ते सगळं मुद्दाम?" व्हर्नाने विचारलं.

"मुद्दाम."

"आणि आमची भांडी?"

"धुऊन आणलीत. गाडीत आहेत."

व्हर्नाने चषक उचलून उजेडात धरला, पदराने पुसावा तसा ॲप्रनने पुसला आणि स्वयंपाकघर समितीची सभा तिथल्या तिथे बोलावली. चषक तळघरात कॉफीच्या किटल्यांशेजारी काचेच्या कपाटात राहील, हे लगेच ठरलं. मग ती म्हणाली की एकदा मिळालेला मान पुढच्या वर्षी घालवणं काही बरं दिसत नाही. तेव्हा दर मे महिन्यात समितीने गाडीला रंगाचा नवा हात द्यावा. पास्टर हळूच म्हणाले, त्यांच्या न्हाणीघराचा गुलाबी उरलाय, चांगले चार डबे.

"ठरावाच्या बाजूने?" व्हर्नाने विचारलं.

बारा हात वर गेले. मार्लिसचा धरून तेरा. मग सगळे एल्डन जाऊन बसला होता त्या मागच्या बाकाकडे वळून बघायला लागले. एल्डनने थोडा वेळ घेतला, पण हात वर केला.