सिताराममामाची गाठ आन् कचेरीचा शिक्का

पवनीपासून आसगावपर्यंत माह्यावानी सोंगाड्या झाला नाई. हे मीच सांगून राहिलो, कारन दुसरं कोनी सांगत नाई.

दंडारीत, म्हनजे आमच्या गावच्या नाचगान्याच्या नाटकात, लोकायले हासवाचं काम माहं. पन माहं बोलनं पहिले सिताराममामाच्या हाताखालून जाये. मामा ढिवर मानूस, तलावात मासोळ्या धरे. तालमीले येतानी फाटकं जाळं घेऊन ये, कोपऱ्यात शिवत बसे, मान वर करे नाई. माही एखादी गोष्ट खटकली का सुताले झटका दे आन् म्हने, "गाठ!" म्हनजे ती गोष्ट बंद.

"काहून जी मामा?"

"समोर माय-बहिनी बसतेत गा."

"माही मायच त सगळ्यात जास्त हासते!"

"तिनं तुले जन्म देला. तिले हासाच लागन."

पाटलाच्या ढेरीवर बोललो, त चालू. गुरुजीच्या तोतरेपनावर बोललो, त गाठ. म्हने, "ढेरी पाटलानं खाऊन कमावली. गुरुजीनं तोतरेपन कमावलं नाई." एवढं बारीक मले कुठं समजते! शाळेत मी एकच दिवस गेलो, तोबी बकरी शोधाले.

मंग आनीबानीची दिवाळी आली. वरून हुकूम आला, मंडईत, म्हनजे दिवाळीमागच्या जत्रेत, दंडार कराची असन त सोंगाड्या काय बोलनार ते लिहून आना, कचेरीतून शिक्का मारून न्या. आता मी काय बोलनार हे उभा राहिल्याबिगर मलेच मालूम नसे! पन मामाले माहं सारं पाठ होतं. त्यानं सांगतलं, गुरुजीनं लिहिलं.

"जे म्या बंद केलं तेबी लिहा गुरुजी," मामा म्हने, "आन् त्यावर काट मारा. सायबाले समजू द्या, आमची लाज आमाले राखता येते."

सायबानं वाचलं का नाई, देव जाने. हरेक पानावर शिक्का मारून आला, काट मारलेल्या गोष्टीवरबी. मले अक्षर वाचता येत नाई, पन शिक्का वाचता येते. तो गोल रायते.

त्यात एक गोष्ट सासरून परत आलेल्या बाईची होती. बैल बाजारातून परत आला त दात पाहतेत, बाई परत आली त काय पाहाचं? तिच्यावर मामानं दोन गाठी मारल्या होत्या. त्याच उन्हाळ्यात मामाची पोरगी शेवंता सासरून परत आली होती. गावाले मालूम होतं. मलेबी होतं.

मंडईच्या दिवशी भर दुपारी मैदान भरलं, आन् माह्या गोष्टी एकामागं एक पडून राहिल्या. कोनी हासे नाई. पोट्टे उठून जिलेबी खाले जाऊन राहिले. मंग म्या कमरेतून कागद काढला, हलवला आन् वरडलो, "मामा, हे सरकारनं पास केलं जी!"

आन् ती परत आलेल्या बाईची गोष्ट सांगून टाकली.

मैदान असं हासलं का मले वाटलं, मी खरंच मोठा सोंगाड्या झालो. बायांत समोरच शेवंता बसली होती. तिनं पदर ओढला आन् उठली. मामाबी उठला. ज्या बाजूनं लोकं हासत होते त्या बाजूनं चालला, तिले आड करून.

त्यानंतर मामा तालमीले आला नाई. पंधरा दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. मामा वसरीत बसला होता.

"मामा, माहं चुकलं जी. तालमीले या."

"तुहं काय चुकलं गा? तुह्यापाशी शिक्का होता."

मी वसरीच्या कडेले बसलो.

आतून शेवंता मामाच्या जेवनाचं ताट घेऊन आली. म्हने, "गनपतभाऊ, मी सासरून आली तवा महिनाभर बोलली नाई. बाबा रोज अंगनात तुमची नक्कल करून दाखवे. तुमच्यावानी चाले, तुमच्यावानी पडे. या वयात. मले हासवासाठी."

म्या मामाकडं पाहिलं. मामा भिताडाकडं पाहून राहिला होता.

शेवंतानं ताट खाली ठेवलं. "आता उठा भाऊ. तुमी बसले त बाबा जेवत नाई."