जाईबाईंच्या मुलाखतीची मोहीम आणि तापल्या जीपगाडीचा मुक्काम

शके अठराशे पंचाण्णव, प्रमादीनाम संवत्सर, वैशाख मास. पाऊस दोन साले गैरहजर, तेरणा नदी नावापुरती. ऐसे समयी तेरचे राजमान्य राजेश्री व्यंकटराव यांनी आपले कुटुंब जाईबाई यांस मास्तरकीच्या मुलाखतीकरिता धाराशिवी नेऊन पोचविले, ती हकीकत येणेप्रमाणे. घडले तेच लिहितो. पदरचे घालावे तर या सालात पदरी काही उरले नाही.

मुलाखत साडेदहास, हाजिर न जाहल्यास नाव खारीज, ऐसा खलिता होता. पहिली एस.टी. गच्च भरून न थांबता निघोन गेली. मग व्यंकटराव वडील बंधू आबाराव यांचे दरबारी गेले आणि त्यांची जीपगाडी मागितली. गाडी लिलावातली, परंतु आबारावांची तिजवर माया पोटच्या पोरापरीस जास्त. बहुत मिन्नतवारी जाहली, मग हुकूम जाहला की गाडी न्यावी, हॉर्न वाजवू नये, पुढील काचेस बोट लावू नये. गाडीत पाणी आहे की नाही, हे आबारावांनी सांगितले नाही आणि व्यंकटरावांनी पुसले नाही. दोघे बंधू एकाच मातीचे.

चार कोस गेले आणि बॉनेटातून वाफ उसळली आणि गाडीने जागीच दम टाकला. रेडिएटर ठणठणीत कोरडा. समोर एक वाडी, वाडीत जिवंत विहीर एक, तिजसमोर घागरींची फौज. दर घरास दोन घागरी, भांडे ठेवील त्याचा नंबर, ऐसा तेथील कायदा, अंमल गजराबाईंचा.

व्यंकटरावांनी छाती काढून पुकारा केला की सरकारी काम आहे, बाजूस व्हावे. येथे घात जाहला. टँकर चार रोज आला नव्हता. आज सरकार आयते हाती लागले ऐसे जाणून बायांनी त्यांस घेरले आणि टँकरचा जाब पुसिला. सेनापतींच्या तोंडचे पाणी पळाले. जवळ भांडेही नव्हते. मग गजराबाईंचा निवाडा जाहला, "गाडीच भांडं समजा. लावा मागं!"

मग गाडी ढकलून रांगेत लाविली, नंबर अठरावा, आणि घागरी भरत तसतशी ती हातभर पुढे सरे. नऊ वाजले, मग सव्वानऊ. जाईबाईंस रडू फुटले. त्या उतरोन गजराबाईंकडे गेल्या.

"मावशी, ह्ये सरकारी न्हाईत, माजे मालक हायती. मला मास्तरीण व्हायचंय. साडेधाला बोलावलंय."

"आदी सांगायचं की, बाई!" गजराबाई बोलल्या. "नंबर कुणाचाबी मोडायचा न्हाय. पर माजा नंबर माजा हाय, त्यो म्या कुणालाबी दीन."

पुढील नंबर त्यांचाच होता. त्यांच्या वाटणीच्या दोन्ही घागरी रेडिएटरात रिचविल्या गेल्या, आणि गजराबाई रिकाम्या घागरी उचलोन गाडीच्या जागी, रांगेच्या शेवटी, जाऊन बसल्या.

धाराशिवी शिपायाने नाव दोनदा पुकारिले. तिसऱ्यांदा पुकारिता जाईबाई दारातून बोलल्या, "हजर!"

नोकरी लागली. तेरात पेढे वाटले, व्यंकटरावांच्या शौर्याची चर्चा महिनाभर चालली, आणि आबारावांनी काच तपासून माफी बक्षिली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ते दप्तरी दाखल केले असे. गजराबाईंस त्या दिवशी पाणी मिळाले की कसे, याची नोंद नाही. पुसावयास कोणी गेले नाही.