सहाव्या डब्याचा नेम

वांग्याला शेत लागते, हा शेतकऱ्यांनी आपल्या सोयीसाठी पसरवलेला गैरसमज आहे. वांग्याला लागते माती, पाणी, खत आणि प्रकाश. या चारही गोष्टी मोजता येतात. आणि जे मोजता येते, ते सोलापुरातल्या नऊ फूट बाय सात फूट सिमेंटच्या अंगणातही पुरवता येते!

हे विधान मी पंच्याहत्तर सालच्या गणपतीत, भरल्या ताटावर, माझे सासरे चन्नप्पा यांच्यासमोर केले. चन्नप्पांची मैंदर्गीला चौदा एकर जमीन आहे. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. म्हणजे वांग्यांविषयी अधिकाराने बोलू शकेल असा त्या पंगतीत एकच मनुष्य होता, आणि तो मीच, अशी माझी समजूत होती.

चन्नप्पांनी हातातला घास हातातच ठेवून आमचे अंगण न्याहाळले. तीन बाजूंना भिंती, चौथ्या बाजूला घरमालक शरणप्पांचे दुमजली घर. विहिरीच्या तळाशी कोबा घातला तर जे दृश्य दिसेल, ते.

"जावईबापू," ते म्हणाले, "हितं शेवाळ येईल. लई झालं तर बेडूक येईल. वांगं न्हाय यायचं."

"येत्या भोगीला याच अंगणातल्या वांग्यांची भाजी तुमच्या पानात वाढीन!"

"आन न्हाय वाढली तर?"

"तर अंगण तुमचे!"

"बगा हं! मग हितं म्हैस बांदतो. आमची काशी. पोरगी गवळ्याचं पाणी पिऊन पार वाळली की! धार तुमी काढायची."

माझी पत्नी महानंदा चुलीपाशी भाकरी थापत होती. ती थांबली. त्या अंगणात वर्षभरात पडला नसेल एवढा प्रकाश एका क्षणात तिच्या चेहऱ्यावर पडला. त्याच क्षणी मला कळले, की या पैजेत मी माझ्या घरातही एकटा आहे.

परिस्थितीचे गांभीर्य वाचकांच्या लक्षात यावे. प्रौढ म्हशीचे वजन साडेचारशे ते पाचशे किलो. अंगणाचे क्षेत्रफळ त्रेसष्ट चौरस फूट. आमच्या न्हाणीघराकडे जाण्याची एकमेव वाट याच अंगणातून. म्हणजे रोज सकाळी पंचा नेसून, हातात तांब्या घेऊन, मला एका म्हशीची परवानगी मागावी लागणार होती!

मी शास्त्रशुद्ध तयारीला लागलो. प्रथम ऊन मोजले. ते अकरा वाजून पन्नास मिनिटांनी येई आणि बारा सदतीसला जाई. मग प्रकाश परावर्तित व्हावा म्हणून भिंतींना दोनदा चुना दिला. गोडेतेलाचे सहा रिकामे पत्र्याचे डबे आणून त्यांच्या बुडाला खिळ्याने प्रत्येकी बारा भोके पाडली. त्यांत चाळलेली माती, शेणखत आणि राख समप्रमाणात भरली. पाच डब्यांत वांग्याचे एकेक रोप लावले.

सहाव्यात काहीही लावले नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला याचे कारण सांगावे लागत नाही. प्रयोगात तुलनेसाठी एक नमुना कोराच ठेवावा लागतो. रोपामुळे मातीत काय बदल झाला हे पाहायचे, तर बिनरोपाची माती शेजारी हवीच. आणि तिलाही तेच पाणी, तेच खत, तीच काळजी मिळायला हवी. किंबहुना सहाव्या डब्याची काळजी मी अंमळ अधिकच घेत असे. माती किती खचते ते कळावे म्हणून त्याच्या दर्शनी बाजूवर चुन्याने तीन आडव्या पांढऱ्या रेघा ओढल्या. पाणी सावकाश मुरावे म्हणून प्रयोगशाळेने टाकून दिलेली, तोटी गळणारी एक काचेची नळी तिवईला बांधून डब्यावर टांगली. तिच्यातून मिनिटाला वीस थेंब, टप् टप् टप्, डब्याच्या मध्यावर पडत. नळाला पाणी सकाळी सहालाच येत असल्याने माझे स्नान आधी उरके. सहा चाळीसला घड्याळाचा गजर होई. त्या ठोक्याला मी ओलेत्याने, अनवाणी अंगणात येई आणि मातीत खोचलेला तापमापक वाचण्यासाठी डब्यापुढे खाली वाकत असे. डोळा पाऱ्याच्या पातळीत नसेल तर वाचन चुकते.

वरच्या सज्जातून हे कसे दिसत असेल, याचा विचार मी केला नाही. तो घटक माझ्या प्रयोगात नव्हता.

दिवाळी झाली. पाचही रोपे उजेडाच्या शोधात उंच, फिकट आणि मान टाकलेली झाली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यातला आमचा शेवटचा वर्ग जसा दिसतो, तशी. आणि एके सकाळी सज्जातून शरणप्पांच्या पत्नी सुंदरम्मा यांचा आवाज आला.

"सर, एक इचारू? राग न्हाय ना यायचा?"

"विचारा."

"त्या कडंच्या डब्यात काय लावलंय?"

"काहीही नाही."

"मग रोज पाणी कुणाला घालता?"

"कुणालाही नाही. ते तसेच असते."

"किती दिवस घालायचं?"

"भोगीपर्यंत. एकही दिवस चुकून चालणार नाही. चुकला तर सगळे केलेले वाया!"

सुंदरम्मांनी हळूच पदर डोक्यावर घेतला. "असू द्या सर. नेम बोलून दाखवायचा नसतो. आमी न्हाय कुणाला सांगत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाव्या डब्यात बेलाची तीन पाने होती.

मी ती उचलली, वजन करून वहीत नोंदवली आणि शरणप्पांना गाठले. शरणप्पा सुताचे व्यापारी. माणूस वाचलेला, विचारी.

"शरणप्पा, कृपा करून घरी समजावून सांगा. तो डबा निव्वळ रिकामा आहे! त्यात देव नाही, धर्म नाही, काहीच नाही!"

 शरणप्पांचे डोळे पाणावले.

"सर, आमचे वडील जल्मभर शिवशरणांची वचनं म्हणत होते. शेवटी सगळं शून्यात मिळतं म्हणायचे. आमी नुसती मान डोलवली. तुमी मात्र त्याला रोज थेंबाथेंबानं अभिषेक करताय, वर तीन बोटं विभूती लावलीया, आन कोरड्या तोंडानं म्हणताय, काहीच न्हाय! कॉलेज शिकलेल्या माणसाचं कामच येगळं की!"

"त्या रेघा माती खचते का ते पाहण्यासाठी आहेत!"

"माती तर सगळ्यांचीच खचती, सर."



मी डब्यावर पाटी लावली: 'यात काहीही टाकू नये.' परिणाम असा झाला, की लोक आता डब्यात काही टाकण्याआधी माझी परवानगी मागू लागले. आणि मी कॉलेजात असताना ती महानंदा देऊ लागली. गल्लीतल्या काशम्मा तांब्याभर दूध ओतून गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची हरवलेली नथ पिठाच्या डब्यात सापडली.

"काशम्मा, नथ पिठातच होती," मी शांतपणे म्हणालो. "पीठ संपत आले की ती सापडणारच. हा केवळ क्रम आहे."

"व्हय की सर! पण पीठ कालच कसं काय संपलं?"

त्यानंतर दूध, ताक, केळी यांचा ओघ सुरू झाला. सहाव्या डब्याची तुलना आता जगातल्या कोणत्याही डब्याशी करता येण्यासारखी राहिली नव्हती. मी "अहो, थांबवा हे!" असे म्हटले की महानंदा म्हणे, "तुम्हीच म्हणता ना, पुरावा नसताना बोलू नये? तुमच्याकडं काय पुरावा आहे त्यात काही नसल्याचा?" इतकी वर्षे माझी व्याख्याने ती लक्षपूर्वक ऐकत होती, हे मला ठाऊक नव्हते.

एक आशा मात्र शिल्लक होती. तिसऱ्या डब्यातल्या रोपाला डिसेंबरात एक फूल आले, आणि फुलाचे वांगे झाले! सुपारीएवढे, पण निःसंशय वांगे. रोज मी त्याचा घेर दोऱ्याने मोजत होतो. एका वांग्याचीही भाजी होते. प्रमाणाची अट पैजेत नव्हती. काशी म्हैस आणि माझे न्हाणीघर यांच्यामध्ये आता फक्त ते सुपारीएवढे वांगे उभे होते.

भोगीच्या सकाळी सहा चाळीसला मी अंगणात आलो. तिसऱ्या डब्यात नुसता देठ होता. वांगे सहाव्या डब्यात, हळदकुंकू लावून ठेवलेले होते!

"सुंदरम्मा!" मी ओरडलो.

"सर, भोगीचा मान हाय की!" सुंदरम्मा सज्जातून कौतुकाने म्हणाल्या. "बागेतलं पयलं फळ नेमाला वाह्यलं. आता त्याला हात लावायचा न्हाय. तुमचं तुमाला तोडवलं नसतं, म्हणून मीच तोडलं."

मी ते वांगे उचलणार तोच दारात ट्रक थांबला. चन्नप्पा संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला येणार होतेच. पण निकालाविषयी त्यांना इतकी खात्री होती, की पैज बरोबर घेऊनच आले होते. ट्रकातून काशी उतरली. माझ्या अंदाजापेक्षा ती किमान सत्तर किलो अधिक होती.

"जावईबापू, वाढा भाजी!" चन्नप्पांनी काशीला दारातून आत घेतले. तिचा पुढचा अर्धा भाग अंगणात आला आणि मागचा रस्त्यावर राहिला, कारण दार दोन फूट नऊ इंचांचे होते.

"अण्णा, थांबा!" सुंदरम्मा जिना उतरत ओरडल्या. "चपला भाईर! हितं सरांचा नेम चाललाय!"

"कसला नेम? जावई तर देवाला हात बी जोडत न्हाय!"

शरणप्पा आले, काशम्मा आल्या, आणि तिघे मिळून चन्नप्पांना सहाव्या डब्याची महती सांगू लागले. मी तिघांचेही मुद्दे खोडत होतो. या गडबडीत काशीकडे कोणाचेच लक्ष नव्हते. तिने मान लांब केली आणि पहिल्या डब्यातले रोप मुळासकट खाल्ले. मग दुसरे. मग तिसरे, चौथे, पाचवे. चार महिन्यांची निरीक्षणे तिने चार मिनिटांत गिळली! शेवटी तिने सहाव्या डब्यात तोंड घातले. राख आणि कुंकू तिच्या नाकात गेले असावे. ती फुरफुरली, आणि एक पाऊल मागे सरकली.



"पाच खाल्ली," काशम्मा पुटपुटल्या, "आन सहाव्यातल्या वांग्याला शिवली बी न्हाय!"

"तिच्या नाकात कुंकू गेले म्हणून!" मी ओरडलो.

चन्नप्पांनी फेटा सारखा केला. "जावईबापू, माज्या डोळ्यात बगून सांगा. खरंच हितं रोज पाणी घालता?"

"घालतो."

"आंघोळ करून?"

"होय, पण त्याचे कारण..."

"बास! आन मी हितं म्हैस बांदणार व्हतो! किती मोटं पाप झालं असतं!"

मी तोंड उघडले. सत्य माझ्या जिभेवर तयार होते: तुलनेचा नमुना, तापमापक, नळाची वेळ, सगळे. समोर काशी उभी होती. ती माझ्याकडे पाहत माझे पाचवे रोप चघळत होती. वाचकहो, माघार घेणाऱ्या गॅलिलिओलाही म्हैस दाखवली नव्हती. मी तोंड मिटले.

काशी उलट्या पावली दारातून निघाली. जाण्यापूर्वी चन्नप्पांनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि पेरणीआधी देवापुढे बी ठेवावे तसे चिमूटभर बी सहाव्या डब्यात सोडून डोके टेकवले.

बाराव्या दिवशी सकाळी मी डब्यापुढे वाकलो. मातीतून हिरवी टोके वर आली होती. एकूण चौतीस! मैंदर्गीचे अस्सल वांग्याचे बी. त्याला वर दूध, ताक, केळी आणि मिनिटाला वीस थेंब पाणी. नऊ बाय सात फुटांत, सिमेंटवर, सत्तेचाळीस मिनिटांच्या उन्हात जी वांगी मला चार महिने साधली नव्हती, ती बारा दिवसांत जोमाने उभी होती. माझे मूळ विधान सिद्ध झाले होते!

"अहो, ही अशी ठेवू नका," महानंदा मागून अगदी गोड आवाजात म्हणाली. "नेम काहीच नसण्याचा आहे. रिकाम्या डब्यात वांगी दिसली तर तो मोडला म्हणतील सगळे. मग अप्पांना कळवावंच लागेल. काशी गाभण आहे म्हणे, विण्याच्या वेळेला इथं येईल."

तेव्हापासून रोज, सुंदरम्मा सज्जात येण्यापूर्वी, मी अंगणात बसून वांग्याची रोपे उपटतो. बी काही संपत नाही. चिमूट शेतकऱ्याची होती. परवा बेलाच्या पानांखाली एक रोप माझ्या नजरेतून सुटून चांगले वीतभर वाढलेले सापडले. त्याला जांभळी कळी होती. मी ते उपटले. उपटण्यापूर्वी मी त्याला नमस्कार केला, असे महानंदा म्हणते. परंतु त्या वेळी अंगणात पुरेसा प्रकाश नव्हता, आणि अशा परिस्थितीतले निरीक्षण शास्त्र ग्राह्य धरत नाही.