तक्रार निरंक

भिंगरीने कार्ड पेटीत टाकलं आणि तिच्या बापाने टाळी वाजवली. पुढचा सगळा घोळ त्या टाळीने झाला, म्हणून आधी टाळीचं सांगायला हवं.

भिंगरी अडीच वर्षांची. तिची आई नर्स. बटण दाबलं की गाणारी, दिवे लावणारी दुकानातली खेळणी आईला पसंत नव्हती. "सगळं खेळणंच करतं, मग पोरीने काय नुसतं बघत बसायचं?" असं म्हणून तिने ड्यूटीच्या बुटांचं रिकामं खोकं घेतलं. वरच्या बाजूला ब्लेडने फट पाडली, पोरीचं बोट कापू नये म्हणून फटीच्या कडांना चिकटपट्टी लावली आणि मागच्या बाजूला एक झडप कापली. औषधांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून कार्डं केली, त्यांवर गाय, छत्री, चमचा अशी चित्रं चिकटवली. पोरीने फटीतून कार्ड टाकायचं, मागे जायचं, झडप उघडून ते काढायचं आणि ओरडायचं, "सापलं!" म्हणजे सापडलं. मग घरातल्यांनी टाळ्या वाजवायच्या.

"बोटांना वळण लागतं," आई म्हणायची. "आणि दिसेनाशी झालेली वस्तू संपलेली नसते, हे पोराला कळतं."

बापाकडे यातलं फक्त टाळीचं काम होतं. ते तो चोख करायचा. बापलोकांचं असंच असतं. खोकं कापायचं कुणी, आणि टाळ्या वाजवून दमायचं कुणी.

हा बाप पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात आवक-जावक कारकून होता. त्या दिवशी पाळणाघर बंद होतं आणि आईची ड्यूटी एकपर्यंत. दुपारी तीनला तिची मोठ्या दवाखान्यात कायम नोकरीची मुलाखत. पाच वर्षं ती हंगामी म्हणून राबत होती. दर सहा महिन्यांनी हातात नवा कागद आणि जीव टांगणीला. मुलाखतीला नर्सच्या नोंदणीचं मूळ कार्ड दाखवायचं, त्याशिवाय आत घेणार नव्हते. सकाळी तिने नवऱ्याच्या एका हातात कार्ड दिलं, दुसऱ्या हातात भिंगरी.

"दोन झेरॉक्स काढून ठेव. मी दीडला येते. आणि दोघांना जप."

"दोघांना म्हणजे?"

"पोरीला आणि कार्डाला!"

त्याने झेरॉक्स काढल्या आणि कार्ड टेबलावर ठेवलं. ते बरोबर गाय-छत्री-चमच्याच्या मापाचं होतं. समोर प्लायवूडच्या भिंतीवर लाल रंगाची लोखंडी तक्रारपेटी होती. वरच्या जागेत साहेबांच्या सत्काराचे फोटो लागल्यामुळे ती खाली सरकत सरकत लोकांच्या गुडघ्याशी, म्हणजे भिंगरीच्या नाकासमोर आली होती. भिंगरीने कार्ड उचललं, फटीत घातलं. आतून टप् असा आवाज आला. बाप रजिस्टरमधून मान वर न काढता टाळी वाजवून म्हणाला, "शाब्बास!"

मग त्याने टेबलाकडे पाहिलं.

पेटी बोल्टांनी ठोकलेली होती. फटीतून बोटं जात नव्हती, पट्टी गेली पण तिला काही लागलं नाही. पेटीला कुलपं दोन. एक किल्ली साहेबांकडे, दुसरी हेडक्लार्ककडे. तो हेडक्लार्ककडे गेला.

हेडक्लार्कने सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. "पेटी उघडू म्हणतोस?"

"दोन मिनिटांचं काम आहे."

"शेवटची कधी उघडली होती?"

नियम असा होता, की दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पेटी उघडायची, तक्रारी रजिस्टरात चढवायच्या आणि तीस दिवसांत उत्तर द्यायचं. सहा वर्षांपूर्वी साहेब शनिवारी लवकर घरी जायला लागले, तेव्हापासून पेटीला कुणी हात लावला नव्हता. कारकून दर महिन्याला रजिस्टरात लिहायचा, "पेटी उघडली. तक्रार निरंक." आणि खाली सही ठोकायचा.

"बहात्तर महिने झाले," हेडक्लार्क म्हणाला. "आत किती कागद असतील, काय काय लिहिलं असेल, देव जाणे. पेटी उघडली की ते चढवावे लागणार. चढवले की लोक विचारणार, मग निरंक कुणी लिहिलं? अक्षर कुणाचं आहे, बाळा?"

"सांगितलं तुम्ही होतं."

"तोंडी. तोंडाला आवक नंबर असतो का?"

कारकून साहेबांकडे गेला. साहेबांनी सहानुभूती दाखवली. साहेब लोकांकडे ती भरपूर असते, कारण तिला काही करावं लागत नाही. "हे बघा, पेटी उघडायला मी पाहिजे, हेडक्लार्क पाहिजे आणि एक प्रतिष्ठित नागरिक पाहिजे. नियम आहे."

खिडकीपाशी रांगेत एक निवृत्त शिक्षिका उभ्या होत्या. त्या आत डोकावून म्हणाल्या, "मी आहे की नागरिक!"

"प्रतिष्ठित लागतो, बाई."

"पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंय. तुमच्यासारखे कितीतरी बाकावर उभे केलेत. एवढी प्रतिष्ठा पुरेल ना? आणि त्या पेटीत माझ्या सहा तक्रारी आहेत. दोन वर्षं घरात पाणी नाही. मलाही बघू दे त्यांचं काय लोणचं घातलंय ते."

हे ऐकल्यावर तर साहेबांनी ठरवूनच टाकलं. "रीतसर अर्ज करा. पेटीसंबंधीचा अर्ज..." इथे ते थांबले, कारण पेटीसंबंधीचा अर्ज नियमाप्रमाणे पेटीतच टाकायचा होता.

एवढ्यात भिंगरी बापाची पँट ओढायला लागली. "बाबा, मागं!"

"थांब ग, मागे लागू नकोस."

"मागं!"

"मामा, हिला बिस्किट द्या हो एखादं!"

मामा म्हणजे तिथला शिपाई. निवृत्तीला आठ महिने राहिलेला, कार्यालयातला एकमेव काम करणारा माणूस. त्याने भिंगरीला बिस्किट दिलं. एरवी प्रत्येक गोष्टीत तोंड घालणारा मामा त्या दिवशी पेटीचा विषय निघाला की पाणी आणायला जात होता. तिघांना न मागता पाणी मिळालं. त्या कार्यालयात पाणी मिळणं ही संशय येण्यासारखीच गोष्ट होती, पण कुणाला आला नाही.

बरोबर दीडला आई आली. पांढरा गणवेश, हातात फाईल. तिने नवऱ्याचं तोंड पाहिलं. रोज माणसं तपासणारी बाई ती. तिला निदान करायला वेळ लागला नाही.

"कार्ड कुठंय?"

त्याने पेटीकडे बोट दाखवलं.

"आणि तू काय करत होतास?"

"टाळी वाजवली," तो म्हणाला. खोटं बोलायलाही अवसान लागतं, ते उरलं नव्हतं.

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बाकावर बसली, फाईल मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "रिक्षाने अर्धा तास लागतो. सव्वादोनला निघाले तरी पोचते. पाच वर्षं थांबले, अजून पाऊण तास थांबते. तुला काय करायचं ते कर."

कारकुनाने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा रजिस्टराकडे. मग साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. "लिहून देतो. सहा वर्षं खोटं निरंक मी लिहिलं. साहेबांचा दोष नाही, हेडक्लार्कचा नाही. होईल ती शिक्षा मला करा. आता पेटी उघडा."

मान सुटली म्हटल्यावर साहेबांना एकदम माणुसकीचा पान्हा फुटला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! एका भगिनीच्या भवितव्याचा प्रश्न आहे!" हेडक्लार्कने टेबलावरच्या गठ्ठ्यातून एक पाठकोरा कागद ओढला, कबुलीजबाब झरझर लिहिला आणि कारकुनाची सही घेतली. एवढ्या वेगात त्या कार्यालयात कधी कुणाचा कागद झाला नव्हता. शिक्षिकाबाई तिथल्या तिथे प्रतिष्ठित ठरल्या. खिडकीची रांग आत आली. दोन किल्ल्या लागल्या, गंजलेलं दार किरकिरत उघडलं.

पेटी रिकामी होती.

एक कागद नाही, एक चिठोरं नाही, कार्डही नाही.

"निरंक!" हेडक्लार्क आनंदाने ओरडला. "साहेब, निरंक! बहात्तर महिने आपण खरं लिहीत होतो!"

"माझ्या सहा तक्रारी?" शिक्षिकाबाई म्हणाल्या.

"माझं कार्ड?" आई म्हणाली.

"मागं!" भिंगरी पाचव्यांदा की सहाव्यांदा म्हणाली, पण या वेळी ऐकणारी तिची आई होती. आई उठली. पेटीत हात घालून तिने मागची बाजू चाचपली आणि हात कोपरापर्यंत आत गेला.

"या भिंतीमागे काय आहे?"

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं, कारण तो पुन्हा पाणी आणायला निघाला होता.

"माझी चहाची खोली," मामा म्हणाला. "काय करू? पेटी गच्च भरली होती. लोक फटीत कागद कोंबायचे, जाईना की माझ्यावर ओरडायचे. तुम्ही उघडेनात. मग मी मागून पत्रा कापला आणि प्लायवूडला भोक पाडलं. कागद खाली टोपलीत पडतात. कुणाची कटकट नाही."

तोवर भिंगरी भिंतीला वळसा घालून गेली होती. आतून टोपली उलटी केल्याचा आवाज आला. मग ती आली, कार्ड डोक्यावर धरून. "सापलं!"

आईने कार्ड घेतलं, पुसलं, फाईलमध्ये घातलं. भिंगरी हलेना. ती सगळ्यांकडे आळीपाळीने बघत उभी राहिली.

"टाळ्या वाजवा," आई म्हणाली. "नाहीतर परत टाकेल."

साहेबांनी आधी वाजवली. रांगेतल्या लोकांनी वाजवली. फक्त बापाने हात खिशात घातले. आई दोन वाजून दहा मिनिटांनी रिक्षात बसली.

साहेब खुर्चीत टेकतात न टेकतात तोच शिक्षिकाबाई म्हणाल्या, "मामा, टोपलीतल्या कागदांचं तुम्ही पुढे काय करता?"

मामा खाली बघत म्हणाला, "एका बाजूने कोरे असतात. चांगला कागद वाया कशाला घालवायचा? कच्च्या लिखाणाला हेडक्लार्कसाहेबांच्या टेबलावर ठेवतो."

हेडक्लार्कचा हात गठ्ठ्यावर जाईपर्यंत बाईंनी वरचा कागद उचलला होता. कबुलीजबाबाचा. त्यांनी तो उलटा केला.

"हे माझं अक्षर," त्या म्हणाल्या. "तक्रार चौथी. 'पाणी नाही, आणि हेडक्लार्क जागेवर नाहीत.'"

साहेबांनी कागद घेतला. एका बाजूने कारकुनाचा गुन्हा होता, दुसऱ्या बाजूने त्यांचा. त्यांनी तो चारदा उलटापालटा केला. कागदाची एकच बाजू फाईल करता येते का, हे बहुधा त्यांना आठवत नव्हतं.

"करा ना फाईल," बाई म्हणाल्या.

"नको," साहेब म्हणाले. "पेटी निरंकच होती. कबुलीची गरजच नाही. बाई, तुमचा कागद तुम्ही परत घ्या."

"मला कागद नको. मला पाणी हवंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाईंच्या दारात फिटर उभा होता. नऊला दुसरा माणूस भिंतीचं भोक बुजवायला आला. त्या कार्यालयाने चोवीस तासांत दोन कामं केल्याची ही एकच नोंद, आणि ती कुठेही नोंदलेली नाही. आईला नोकरी लागली. कारकून अजून तिथेच आहे आणि त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्याने रजिस्टरात "निरंक" लिहायला नकार दिला. मग हेडक्लार्क ते स्वतः लिहायला लागला.

मामाच्या भोकाचा धडा घेऊन बापाने घरच्या खोक्याची मागची झडपही चिकटपट्टीने बंद करायला घेतली. म्हणे, पोरीला भलतं वळण लागतंय.

आईने त्याच्या हातातून चिकटपट्टी काढून घेतली.

"राहू दे उघडी," ती म्हणाली. "टाकलेलं कुठूनही बाहेर आलं नाही ना, की पोर टाकायचंच सोडून देतं."