खोबरेल रुचिवर्धन समितीचा अहवाल

आमचे कार्यालय वजन-मापे तपासणीचे आहे. बाजारातला प्रत्येक काटा, प्रत्येक वजन आणि प्रत्येक माप ठरलेल्या मुदतीत आमच्याकडे येते, आम्ही ते तपासतो आणि त्यावर शिक्का मारतो. शिक्का नसेल तर किलो हा किलो नसतो. अशा जबाबदारीच्या ठिकाणी बेचाळीस माणसे काम करतात. गेल्या वर्षी या बेचाळीस जणांना खोबरेल तेल प्यावे लागले, त्याची ही हकीकत आहे. मी तिथे वरिष्ठ लिपिक असल्यामुळे ती मला तारीखवार माहीत आहे.

सुरुवात साहेबांपासून झाली. साहेब ‘आरोग्य व कार्यक्षमता’ या विषयावरच्या आठवडाभराच्या प्रशिक्षणाला गेले आणि चार किलो वजन उतरवून परतले. रोज दोन चमचे खोबरेल घेतल्याने हे झाले, असे त्यांनी स्वतः सांगितले. तिथल्या पाण्याने त्यांचे पोट बिघडले होते, असे त्यांचा ड्रायव्हर म्हणतो. पण ड्रायव्हरचे म्हणणे फाइलवर नाही. तिसऱ्या दिवशी परिपत्रक निघाले. सर्व कर्मचाऱ्यांनी आहाराचा भाग म्हणून रोज सकाळी अकरा वाजता प्रत्येकी दोन चमचे खोबरेल तेल सेवन करावे आणि नोंदवहीत सही करावी, असा आदेश होता.

दुसरे एखादे कार्यालय असते तर त्याच दिवशी तेल प्यायले असते किंवा खिडकीतून ओतले असते. आमच्याकडे आधी चमचा कोणता, हा प्रश्न निघाला. कँटीनमधले चमचे मागवून तपासले, तेव्हा चौदा चमच्यांची चौदा मापे निघाली. मग पंधरा मिलिलिटरचे दोन चमचे प्रमाणित करून त्यांवर शिक्के मारले. तोवर थंडी पडली आणि डब्यातले तेल गोठले. मिलिलिटर हे द्रवाचे माप, आणि गोठलेले तेल द्रव नाही, ही हरकत मीच काढली होती, हे मी प्रांजळपणे सांगतो. त्यावर अकरा दिवस पत्रव्यवहार चालला. शेवटी डबा उन्हात ठेवावा, असे ठरले.

बाराव्या दिवशी सगळे रांगेत उभे राहिले आणि प्यायले. मला अजून तो दिवस आठवतो. तेल जिभेवरून पुढे जात नव्हते आणि मागेही येत नव्हते. आमचे लेखापाल तासभर तोंड मिटून बसले होते, त्यांना फोनसुद्धा घेता येईना. साहेबांनी मात्र आपला डोस आपण घरूनच घेऊन येतो, असे नोंदवहीत लिहिले.

पुढच्या आठवड्यात कार्यालयातल्या निम्म्या लोकांचे केस विलक्षण चमकू लागले. साहेबांच्या ते लक्षात आले आणि त्यांनी डोके तपासण्याचा आदेश काढला. लेखापालांना पूर्ण टक्कल आहे, त्यामुळे त्यांच्यावर संशय घेण्याचे कारण नव्हते, पण त्यांचे टक्कलही चमकत होते. ते पहिल्यापासून चमकते, हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी लग्नातला फोटो जोडला.

तक्रारी एवढ्या वाढल्या की साहेबांनी समिती नेमली. तिचे नाव ‘खोबरेल रुचिवर्धन समिती’. तेल अधिक चविष्ट कसे करावे, हे तिने सुचवायचे होते. लेखापाल अध्यक्ष झाले आणि मी सदस्य-सचिव झालो, कारण त्या दिवशी मी रजेवर होतो.

समितीच्या नऊ बैठका झाल्या. तेलात लिंबू पिळून पाहिले, तर लिंबू खाली आणि तेल वर राहिले. मध घातला, तर तो तेलापासून फटकून तळाशी जाऊन बसला. कॉफीत टाकले, तेव्हा ते मिशांना लागले आणि ज्यांना मिशा नाहीत त्यांच्याशी भेदभाव होतो, अशी लेखी तक्रार आली. नाक दाबून प्यावे, अशी सूचना एकमताने मंजूर झाली; पण एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात पेन असताना नाक कोणी दाबायचे, यावर बैठक तहकूब झाली.

आमच्या बैठकांना चहा मावशी आणायच्या. मावशी म्हणजे आमचे कँटीन. एकोणीस वर्षे त्या एकट्या ते चालवत होत्या. कँटीनच्या मागे एक खोली आहे, तिच्यात त्या आणि त्यांची अंथरुणाला खिळलेली आई राहायच्या. कँटीनचा करार दरवर्षी नव्याने होतो, आणि खोली त्या करारातच येते. नवव्या बैठकीत मावशी कप उचलता उचलता थांबल्या.

“एक विचारू का? तेलच आहे ना हे?”

“शुद्ध, प्रमाणित,” अध्यक्ष म्हणाले.

“मग पिताय कशाला? तेलात काहीतरी करायचं असतं. द्या इकडे तो डबा.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मावशींनी खोबरेल तेलात बटाट्याच्या पातळ चकत्या तळल्या आणि मीठ-मिरपूड भुरभुरून प्रत्येकासमोर एकेक बशी ठेवली. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच तेलात कणीक मळून कांद्याची खुसखुशीत बिस्किटे केली. काय सांगू? पावणेअकरापासून लोक कँटीनपाशी घुटमळायला लागले. जे सही करायला टाळाटाळ करत होते ते दोनदा सही करून दोन बशा उचलू लागले. त्यांत मी होतो. एकोणीस वर्षे मावशींच्या हातचे खातो आहे, पण असे मी आयुष्यात कुठे खाल्ले नव्हते.

महिनाभर एकही तक्रार आली नाही, आणि इथेच घात झाला. साहेबांनी तक्रारवही मागवली, ती कोरी होती. त्यांनी मला बोलावले.

“तक्रार नाही म्हणजे काय?”

“लोकांना आवडतंय, साहेब.”

“तीस मिलिलिटर खोबरेल आवडतंय? याचा अर्थ ते पोटात जात नाही. अंमलबजावणी झाली असती, तर तक्रार आली असती. एवढी नोकरी झाली तुमची, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे?”

त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असे मला म्हणवत नाही. माझ्या एकवीस वर्षांच्या नोकरीत राबवलेल्या प्रत्येक योजनेची तक्रार आलेली आहे. साहेबांनी प्रत्यक्ष तपासणीचे आदेश दिले. बेचाळीस माणसे, प्रत्येकी तीस मिलिलिटर, म्हणजे रोज बाराशे साठ मिलिलिटर तेल माणसांत जायला हवे होते. आम्ही कढई मोजली. तळून झाल्यावर तिच्यात तीनशे चाळीस मिलिलिटर उरत होते. झारा, कागद आणि बशा यांना लागलेले तेल वेगळे. बाकीचे तेल चकत्यांत असेल तर ते कोणत्या चकतीत किती आहे, याची नोंद नव्हती.

मग प्रत्येक बशीतल्या चकत्या तळण्याआधी आणि तळल्यानंतर सोन्याच्या काट्यावर मोजायच्या, असे ठरले. बेचाळीस बशा मोजून होईपर्यंत चकत्या गार आणि मऊ पडत. मावशी काट्याशेजारी झारा धरून उभ्या असायच्या.

“तळल्यावर बटाट्याचं वजन उतरलंय,” मोजणीला बसलेला आमचा निरीक्षक म्हणाला. “तेल गेलं कुठे?”

“अहो, बटाट्यातलं पाणी उडालं.”

“किती उडालं?”

“उडालेलं मी कसं मोजू, दादा?”

निरीक्षकाने ‘समाधानकारक खुलासा नाही’ असे लिहिले. तिसऱ्या दिवशी मावशींना कारणे दाखवा नोटीस गेली. तेलाचा अंश पदार्थात लपवून योजनेची ओळख पुसल्याचा ठपका त्यांच्यावर होता. कराराचे नूतनीकरण महिनाअखेरीस होते, आणि ते समितीच्या अहवालावर अवलंबून राहील, असे शेवटी नमूद केले होते. अहवाल मी लिहिणार होतो.

मावशी नोटीस घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांनी ती पदराला पुसलेल्या हातात धरली होती, तरी कडेला तेलाचा डाग पडलाच होता.

“भाऊ, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही रोज दोनदा वाढून घेता ना? तेवढंच लिहा.”

“लिहितो ना मावशी. काळजी करू नका.”

“माझं काही नाही हो. आईला घेऊन आता कुठे जाऊ, एवढंच.”

घरी मी हे बायकोला सांगितले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “बावीस वर्षं माझ्या हातचं खाताय. तुमच्या तोंडून साधं ‘छान झालंय’ निघत नाही. तुम्ही लिहून काय देणार?” मला राग आला. पण भाजी छान झाली होती, आणि मी तसे म्हणालो नाही.

दहाव्या आणि शेवटच्या बैठकीला साहेब स्वतः बसले. मूल्यमापनाचा छापील फॉर्म होता आणि त्यात दोनच प्रश्न होते. तेल जाणवले काय? पदार्थ रुचकर होता काय? दोन्हींची उत्तरे ‘होय’ आली तरच पदार्थ मंजूर होणार होता. बेचाळीस जणांनी दुसऱ्या प्रश्नाला ‘होय’ आणि पहिल्याला ‘नाही’ लिहिले होते.

“तेल जाणवत नाही, म्हणजे तेल नाही,” साहेब म्हणाले.

“साहेब,” लेखापाल चाचरत म्हणाले, “जाणवलं असतं तर रुचकर लागलं नसतं.”

“म्हणजे पदार्थ सदोष. दोन्हीकडून सदोष. सचिव, तुमचा अभिप्राय?”

त्या दिवशी सकाळी मी दोन बशा खाल्ल्या होत्या. माझ्या शर्टावर अजून मिरपूड होती. दारापाशी मावशी चहाचा ट्रे घेऊन थांबल्या होत्या. मी मसुदा घरून लिहून आणला होता. या बाईने समितीला नऊ बैठकांत जमले नाही ते एका सकाळी केले, तिचा करार कायम ठेवावा, असे त्यात होते. कागद खिशात होता. साहेब माझ्याकडे पाहत होते आणि माझ्या पदोन्नतीची फाइल त्यांच्या टेबलावर होती, असे कोणी म्हणेल. ती नव्हती. खरे सांगायचे तर माझे काहीच अडले नव्हते. मी नुसता घाबरलो.

“तेल जाणवले नाही,” मी म्हणालो, आणि तसेच लिहून सही केली. त्या अहवालात एक अक्षरही खोटे नाही. मला त्याची लाज वाटते.

मावशींनी चहा सगळ्यांना दिला, मलाही दिला.

महिनाअखेरीस त्या गेल्या. आईला गादीसकट हातगाडीवर ठेवले होते. जाताना त्यांनी तेलाचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी सवयीने मापात ओतून पाहिला, तर हिशेब थेंबाथेंबाला बरोबर होता. मग त्यांनी पिशवीतून कागदाची एक पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. ती अजून गरम होती.

“वाटेत खा,” त्या म्हणाल्या. “मोजलेलं नाही.”

आता कँटीन नव्या ठेकेदाराकडे आहे. तो तीस मिलिलिटरच्या बंद कुप्या देतो, प्रत्येक कुपीवर आमचा शिक्का असतो. लोक ते तेल डोळे मिटून पितात आणि ओकारी दाबत फॉर्म भरतात. तेल जाणवले काय? होय. रुचकर होते काय? होय. बेचाळीसच्या बेचाळीस जण लिहितात, कारण दुसरे लिहिले की समिती नेमतात. तक्रारवहीत मात्र तक्रारी पूर्वीसारख्या नियमित येत असल्यामुळे साहेब समाधानी आहेत. योजनेला उत्कृष्टतेचे प्रशस्तिपत्र मिळाले आणि ती आता सर्व नागरिकांसाठी लागू होत आहे. फॉर्म तयार करण्याचे काम माझ्याकडे आले.

तो लवकरच तुमच्या हाती पडेल. तुम्ही आत्ता हसत असाल, पण पहिल्या दोन प्रश्नांना तुम्हीही ‘होय’ लिहाल, याची मला खात्री आहे. तिसरा प्रश्न मी माझ्या पदरचा घातला आहे. ज्यांच्या हातचे तुम्ही आजवर दोनदा वाढून घेतलेत, त्यांच्यावर वेळ आली तेव्हा त्यांच्यासाठी कुठे एक ओळ तरी लिहून दिलीत काय? हा प्रश्न ऐच्छिक आहे. चाचणीसाठी दोनशे लोकांना फॉर्म पाठवले होते. सगळे भरून परत आले, सह्यांसकट. तिसऱ्या प्रश्नाची जागा दोनशेही फॉर्मवर कोरी होती. तुमच्या फॉर्मसाठी मी फाइलमध्ये जागा ठेवली आहे, त्याच गठ्ठ्यात.