मेजरचं कायमचं तात्पुरतं घर

मोठ्या साहेबांची सौंसरहून बदली झाली आणि तालुक्यातल्या अल्सेशियन कुत्र्यांचे वाईट दिवस आले.

साहेब चौऱ्याऐंशी साली रुजू झाले, तेव्हा त्यांच्या बंगल्यावर एक अल्सेशियन होता. साहेबांकडे काम असलं की आधी कुत्र्याची तब्येत विचारावी लागे, आणि विचारायची तर आपल्यालाही त्यातलं थोडंफार कळायला पाहिजे. म्हणून वर्षभरात संत्र्याच्या बागाईतदारांनी आणि कापसाच्या आडत्यांनी नागपूरहून अल्सेशियन पिल्लं आणली. मग साहेब गेले. नव्या साहेबांना कुत्र्यांचं वावडं होतं आणि भजनाचा नाद होता. घरोघरी हार्मोनियम आल्या आणि अल्सेशियन रस्त्यावर आले. एक लोधीखेड्याच्या बाजारात हिंडताना दिसला, एक तिगावच्या फलाटावर. तिसरा, मेजर नावाचा, सौंसरच्या बसस्टँडवर छिंदवाड्याच्या बसमध्ये चढला आणि कंडक्टरच्या जागेवर बसून राहिला. बस उशिरा सुटली. बस रोजच उशिरा सुटे, पण या वेळी कारण डोळ्यांसमोर होतं म्हणून लोक चिडले.

गावाची अब्रू जाऊ नये म्हणून 'निराधार अल्सेशियन पुनर्वसन समिती' स्थापन झाली. बागाईतदार भगवंतराव अध्यक्ष झाले, आडते बापूजी सचिव झाले. मेजर मुळात कोणाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं, अध्यक्षांना जरा जास्त. पण जाहीर बैठकीत कोणाच्या घरगुती बाबी काढू नयेत, एवढी सभ्यता समितीकडे होती.

बैठक एका सरकारी कचेरीच्या हॉलमध्ये भरली. अल्सेशियन हे खानदानी जनावर असल्यामुळे त्याला खानदानी घरच मिळालं पाहिजे, असं एकमतानं ठरलं. गावठी कुत्री समितीच्या कक्षेत येत नाहीत, असंही ठरलं. तिगावचा कुत्रा तोवर फलाटावरच्या भजेवाल्यानं समितीला न विचारता ठेवून घेतला होता आणि लोधीखेड्याचा आपणहून कुठंतरी निघून गेला होता. त्यामुळे समितीची सगळी ताकद एकट्या मेजरवर आली. घर मिळेपर्यंत त्याला ठेवायचं कुठं? भगवंतरावांच्या घरी नवीन हार्मोनियम होती. बापूजींच्या घरी नुकत्याच फरश्या बसवल्या होत्या. इतरांच्याही अशाच अडचणी निघाल्या. शेवटी सगळ्यांची नजर दाराशी उभ्या असलेल्या तुळशीराम शिपायावर गेली.

तुळशीरामकडे कचेरीतल्या फायली, घंटी, झेंडा आणि कुलूप एवढी कामं होती. पाण्याचा माठ भरायचं काम मात्र पहिल्यापासून दुसऱ्या शिपायाकडे, कवडूकडे होतं. का, ते कोणी कधी बोललं नव्हतं.

"घेऊन जाय बे तुळशीराम," भगवंतराव म्हणाले. "तात्पुरता."

तुळशीरामचं घर नाल्यापलीकडे. तात्पुरत्या घराची तपासणी करायची गरज नव्हती, त्यामुळे तिकडे कोणी फिरकलं नाही. सुशीलानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, आधी कपाळाला हात लावला. "आपल्या पोरीले पुरत नाई, अन् हा घोडा कायले आणला?" असं म्हणत तिनं भाकरीवर वरण ओतलं. मेजरनं थाळी चाटून साफ केली आणि उंबऱ्यावर आडवा झाला. महिनाभरात त्याच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या. सुशीला "सरक बे" म्हणाली की तो सरके, आणि ती विहिरीवर निघाली की मागे मागे जाई. त्यांची पोरगी मंगला त्याच्या पोटावर डोकं ठेवून पाढे पाठ करी. तुळशीरामला घरी यायची ओढ लागली होती. कचेरी सुटली की तो नाल्यापर्यंत जवळजवळ पळतच येई.

एक दिवस धीर करून त्यानं भगवंतरावांना विचारलं, "साहेब, मीच ठेवून घेतो ना जी मेजरले."

"तू तात्पुरता आहेस ना बे. कायमच्या घराचे नियम येगळे राह्यतात. कंपाउंड पाह्यजे."

तुळशीरामनं दोन रविवार खपून बोरीच्या काट्यांचं भक्कम कुंपण घातलं.

"हे कुंपण झालं," भगवंतराव समजुतीनं म्हणाले. "मी कंपाउंड म्हणून राहिलो."

मग पाहुणे येऊ लागले. मेजरला दाखवायचा कार्यक्रम कचेरीच्या हॉलमध्ये होई. पाहुण्यांना पोहे, मेजरला सतरंजी. चालून दाखव, बसून दाखव, दात दाखव. बाप कोण, हेही विचारलं जाई. बापूजी इंग्रजीत हुकूम देत आणि मेजर तुळशीरामकडे पाही. तुळशीराम हळूच "बस बे" म्हणे आणि मेजर बसे. पाहुणे खूश होत. वळण चांगलं आहे, म्हणत. मग जाता जाता कोणीतरी विचारी, "सध्या राह्यतो कुठी?"

"आमच्या तुळशीरामकडे. नाल्यापलीकडे."

"अच्छा, अच्छा. घरी विचारून कळवतो."

कळवत ते एकच. आम्ही काही मानत नाही हो, पण घरात आई आहे. आई नसली तर आजी असे, आजी नसली तर आत्या. सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात मानणारा माणूस औषधालाही सापडला नाही, पण प्रत्येकाच्या घरात एक म्हातारी मात्र निघाली.

समितीनं यावर विचार केला आणि दोष राहण्याच्या जागेच्या माहितीत आहे, असं शोधून काढलं. पुढच्या पाहुण्याला ती द्यायचीच नाही, असं ठरलं.

पुढचे पाहुणे म्हणजे पांढुर्ण्याचे गुणवंतराव. कापसाच्या जिनिंगचे मालक, आणि समतेवर व्याख्यान द्यावं तर त्यांनीच. त्यांची आई वारली होती, आजी त्याआधीच गेली होती, आत्या नव्हतीच. समितीला हर्षवायू व्हायचा बाकी होता. पण गुणवंतरावांचा बाणा वेगळा. "जनावर घ्याचं तं त्याचं घर पाहून," ते म्हणाले. "मी काई मानणाऱ्यातला नाई." आता नाही कसं म्हणायचं?

आदल्या संध्याकाळी तुळशीराम जेवला नाही. "उद्या नेऊन राहिले त्याले," एवढंच म्हणाला. मंगला मेजरच्या गळ्यात पडून रडत होती.

सुशीला चूल सारवत होती. ती म्हणाली, "पाहुणे घरी येऊन राहिले ना? मंग पाणी तं द्याच लागन."

भर मे महिना. दुपारी जीप नाल्याच्या अलीकडेच थांबली आणि गुणवंतराव, भगवंतराव, बापूजी असे तिघे तापल्या वाटेनं चालत आले. घामानं सदरे अंगाला चिकटले होते. गुणवंतरावांनी मेजरला पाहिलं आणि लगेच पट्टा मागितला. "पसंत आहे," ते म्हणाले. तुळशीरामनं पट्टा आणून त्यांच्या हातात दिला.

एवढ्यात सुशीला बाहेर आली. थाळीत घासूनपुसून लख्ख केलेले तीन पेले, काठोकाठ भरलेले. माठाच्या गार पाण्यानं पेल्यांवर बाहेरून थेंब जमले होते.

"उन्हाचे आले जी. पाणी घ्या."

गुणवंतरावांनी कोरडे पडलेले ओठ चाटले. त्यांनी पेल्यांकडे पाहिलं, मग भगवंतरावांकडे.

"आज माझा उपास आहे," ते म्हणाले. "निर्जळी."

"कायचा जी?" मंगलानं विचारलं.

"मंगळवारचा."

वार बुधवार होता. तरी भगवंतरावांना आठवलं की आपलाही आहे. बापूजींना तर कडक होता. तिघं भाविक उन्हात उभे राहिले, घसा खाकरत. सुशीलानं थाळी जमिनीवर ठेवली. मेजर उठला आणि त्यानं पाहुण्यांच्या देखत एकामागून एक तिन्ही पेले लपलप करून रिकामे केले. मेजरचा उपास नव्हता.

गुणवंतरावांनी पट्टा खाली ठेवला. "तसा चांगला आहे," ते म्हणाले. "पण रंग जरा... घरी विचारून कळवतो." घरी विचारायला कोणीच नव्हतं. जीपपाशी पोचल्यावर तिघांनी नाक्यावरच्या टपरीत दोन दोन बाटल्या थंड सोडा घेऊन उपास सोडला.

मंगला नाचू लागली. तुळशीरामलाही हसू येत होतं, पण सुशीलाकडे पाहून ते आतच राहिलं. ती पेले घासत बसली होती. राखेनं, पुन्हा पुन्हा. ती डाव जिंकली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मेजर तिच्या पायाशी जाऊन बसला. "सरक बे," ती म्हणाली, पण तो सरकला नाही आणि तिनंही पुन्हा म्हटलं नाही.

समितीनं पुढच्या बैठकीत ठराव केला की योग्य घर मिळेपर्यंत मेजर तुळशीरामकडे कायमस्वरूपी तात्पुरता राहील. असे प्रकार पुन्हा होऊ नयेत म्हणून पाहुण्यांनी सोबत पाणी आणावं, अशी सूचनाही बापूजींनी मांडली. मग त्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला.

या गोष्टीत तुळशीरामचं आडनाव कुठंच आलेलं नाही. समितीनंही ते कधी विचारलं नाही. तिला गरज पडली नाही. माठ भरायचं काम कवडूकडे होतं, एवढं एक वाक्य वाचल्यावर तुम्हालाही ती पडली नाही. बापूजींची जागा अजून रिकामी आहे. समितीला जाणकार माणूस हवा आहे.