बाबागाडी आणि अधिक-वजाचं पत्र

खट्! दाराच्या फटीतून चिठ्ठी आत पडली, आणि तासभर अंगाई गाऊन झोपवलेल्या माझ्या बाळाने, लोकेने, एक डोळा उघडला.

चिठ्ठी सोसायटीचे अध्यक्ष एव्हर्ट यांची. जिन्याखाली बाबागाड्या ठेवणं धोक्याचं आहे, तरी त्या आपापल्या घरात न्याव्यात का, यावर रविवारच्या सभेत मतदान होईल. आमचं घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. एका काखेत लोके, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी, मग गाडी काय दातात धरायची?

मी मनाशी म्हटलं, असं पत्र लिहीन की एव्हर्टच्या डोळ्यांतूनही पाणी येईल! लोके पुन्हा झोपला. त्या वीस मिनिटांत मी सगळ्या शेजाऱ्यांना ईमेल लिहिली. त्यात पाठदुखी होती, बर्फ होता, लोकेचे गाल होते. वाचताना मीच दोनदा नाक पुसलं.

उत्तर एकाचंही आलं नाही. आमच्याकडे त्यात नवल नाही. स्वीडिश माणूस शेजाऱ्याशी बोलण्याआधी आठवडाभर विचार करतो. पण दुसऱ्या दिवशी पायपुसण्यावर दालचिनीचे बन होते. तिसऱ्या दिवशी मुरवलेले मासे. आणि गुरुवारी तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत गेले, तर तिथल्या पाळ्यांच्या वहीत पहिल्या मजल्यावरच्या गुनवोरबाईंनी स्वतःचं नाव खोडून माझं लिहिलं होतं.

मी वही धरून उभीच राहिले. आमच्याकडे माणूस एक वेळ मूत्रपिंड देईल, पण धुण्याची ठरलेली वेळ देणार नाही. म्हणजे पत्र लागू पडलं होतं!

तेवढ्यात गुनवोरबाई आल्या. त्या माझ्याशी बहिऱ्याशी बोलावं तशा सावकाश बोलू लागल्या.

"पोरी, झोप लागते का गं?"

"लागते की. तुम्ही माझं पत्र वाचलंत ना?"

"सगळ्यांनी वाचलं," त्या माझा हात थोपटत म्हणाल्या. "माझी बहीणही बाळंतपणानंतर असंच काहीतरी बोलायची. बरी झाली नंतर."

त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. माझंच पत्र होतं. पण जिथे जिथे आमची स्वीडिशमधली डोक्यावर टिंबं असलेली अक्षरं यायला हवी होती, तिथे अधिक, ए, ओ, क्यू, वजा अशी मुंग्यांची रांग. लोकेच्या गालांच्या जागी तर अख्खं वारूळ.

घरी येऊन तो कागद मी तोरकेलसमोर धरला. माझा नवरा फावल्या वेळात एक जुना ईमेल प्रोग्राम जिवंत ठेवतो. आमच्या संगणकावर तोच आहे. त्याचा चेहरा उजळला.

"हे तर युटीएफ-सात! जुन्या यंत्रांना आपली अक्षरं पचायची नाहीत, म्हणून ती अशी पुडीत बांधून पाठवायचे. आता सगळ्यांनी ते वाचणं सोडलंय. आपण नाही सोडलं."

"म्हणून आपल्याला ते नीट दिसलं, आणि बाकी कुणालाच नाही?"

"हो. पण बघ ना, एकही अक्षर हरवलं नाहीये."

मी त्याच्याकडे बघितलं, तसा तो निमूटपणे प्रोग्रामच्या सेटिंगमधली युटीएफ-सातपुढची खूण काढायला उठला.

रविवारी सभेला जाताना मी सगळा खुलासा पाठ केला होता. लोके खांद्यावर, पाच वर्षांची लेक इल्वा बोट धरून. आम्ही आत गेलो. कुणीतरी मला मऊ खुर्ची दिली. एव्हर्ट उठले आणि चष्मा पुसत म्हणाले की आपल्यातल्या एका घराला सध्या आधाराची गरज आहे. ज्याला लिहिणंही जमेना, त्याच्यावर अजून ओझं घालायचं का? गाड्या जिन्याखालीच राहाव्यात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत.

सगळे हात वर गेले. एव्हर्टचा सर्वांत आधी.

मी उठले. खुलासा अगदी जिभेवर आला होता. बावीस दयाळू चेहरे माझ्याकडे बघत होते. मी "आभारी आहे" म्हटलं आणि खाली बसले. गुनवोरबाईंनी डोळे टिपले.

परत येताना जिन्याखाली गाडी ऐटीत उभी होती. इल्वा तिच्यापाशी थांबली आणि मान वर करून म्हणाली,

"आई, मग तू बरी झालीस की गाडी वर न्यावी लागेल का?"